भजनातली मेथी

सत्तावन्न साल असेल. यांना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कोकणातून काळेवाडीत राहायला आलो. दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असे. धाकटीला मांडीवर घेऊन मी बसायची, पण चित्त सगळं घरच्या चुलीपाशी. तांदूळ निवडायचे राहिलेत, हे शिफ्टवरून भुकेले येतील. दोन अभंग झाले की उठायची आणि वाटभर स्वतःला ढोंगी म्हणायची.

खांबाशी गावातलीच एक म्हातारी बसे. ओठांवर अभंग आणि पदरात मेथीची जुडी. टाळांच्या ठेक्यात तिची बोटं पानं खुडत राहायची. मला ते खटकायचं. एकदा उठता उठता मी बोललेच, "आजी, देवळात भाजी निवडता?"

मान वर न करता ती म्हणाली, "घरी ठिवली तर मन तिच्यामागं घरी पळतंय, पोरी. म्हनून तिलाच हितं घिऊन येते."

पुढच्या शनिवारी मी भीत भीत निवडायचे तांदूळ सुपात घेऊन गेले. तिने त्यातले निम्मे तांदूळ ओंजळीने आपल्या पदरात घेतले.

त्या दिवशी आरती सुरू झाली, तेव्हा मी देवळातच होते.