राजा गप्प का बसला

वीजकंपनीच्या तक्रार खिडकीवर सगळी नोकरी काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर मुलांवर संस्कार करायला घ्यावेत, यात नवल काही नाही. दुसऱ्याने कसं वागावं हे त्या खिडकीतून फार स्वच्छ दिसतं. स्वतः त्यांनी तिथे 'बघतो' या एका शब्दावर निभावून नेलं होतं. लोक संतापून यायचे, 'बघतो' ऐकून परत जायचे, आणि दिवे आपल्या मर्जीने यायचे. आता दर रविवारी सकाळी ते इस्त्रीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पुराणातल्या गोष्टी सांगत, आणि मुलं त्यांना गोष्टीआजोबा म्हणत.

गोष्ट नुसती सांगायची नाही, करायची, ही त्यांची पद्धत. लाल चादर टाकलेली खुर्ची म्हणजे सिंहासन. शेजारी स्टुलावर तक्रार खिडकीतली जुनी घंटी. कुणीही ती वाजवली की गोष्ट थांबायची आणि ज्याला विचारलं त्या पात्राने खरं उत्तर द्यायचं. हिरण्यकशिपूचीही यातून सुटका नव्हती. पालक या पद्धतीवर खूश होते. मूल घरी येऊन खरं बोलायला लागेपर्यंत पालक खूशच असतात.

आजोबांच्या घरी मात्र घंटी नव्हती. वर्षापूर्वी जावई वारला आणि लेक आपल्या मुलीला घेऊन माहेरी आली. तीन खोल्यांत सहा माणसं. सून वाईट नव्हती, पण सगळ्यांचं करता करता तिच्या नाकी नऊ आले होते. मागच्या आठवड्यात जेवताना ती आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, याचं परीक्षेचं वर्ष आहे. ताईंनी आता वेगळी खोली बघितलेली बरी." आजोबांचा मुलगा ताटात बघत राहिला. लेकीने आजोबांकडे बघितलं. घर अजून त्यांच्याच नावावर होतं.

"बघू," ते म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

लेक त्यांच्याच पोटची. तिने त्याचा अर्थ बरोबर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून सामान बांधायला घेतलं.

त्या रविवारी पाळी ध्रुवाच्या गोष्टीची होती. आजोबांना त्यात काही खटकलं नाही. मुसळ आपल्या डोळ्यात असलं की दिसत नाही ते असं. राजा नेहमीप्रमाणे ते स्वतः. सावत्र आईचं काम इस्त्रीवाल्याच्या मुलीने हट्टाने मागून घेतलं. ध्रुव व्हायला नातीने हात वर केला. ती राजाच्या मांडीवर बसते न बसते तोच इस्त्रीवाल्याच्या मुलीने तिला अगदी मनापासून खाली ओढलं.

"उठ. इथे माझा मुलगा बसणार."

घंटी वाजली. वाजवणारी पुढच्या रांगेतली चष्मेवाली. तिच्या प्रश्नांना आजोबा जरा वचकूनच असत.

"राजा, तुझ्यासमोर तिने त्याला ओढलं. तू गप्प का बसलास?"

यावर आजोबांकडे ठेवणीतलं उत्तर होतं. "राजा बायकोच्या मुठीत होता."

पोरं हसली. चष्मेवालीने पुन्हा घंटी वाजवली. "पण राज्य कुणाचं होतं?"

"राजाचं."

"मग?"

"मग राजा म्हणाला..." आजोबा अडखळले. खरं उत्तर द्यायचा नियम त्यांनीच केला होता. "राजा म्हणाला, बघू."

नात अजून सतरंजीवरच होती. दाराजवळचा कोपरा म्हणजे जंगल. आजोबा घाईघाईने म्हणाले, "ध्रुवा, आता तू रागावून जंगलात जायचंस."

"मी नाही जाणार," नात म्हणाली. "खोटं खोटं कशाला जाऊ? आम्ही बुधवारी खरंच चाललोय."

आजोबांना शरम वाटली. इतक्या वर्षांत खिडकीपलीकडे कितीतरी माणसं रडली होती, तेव्हाही एवढी वाटली नव्हती. त्यांनी नातीला हाताला धरून उठवलं, पुन्हा मांडीवर बसवलं आणि गोष्ट तिथेच संपवली.

दुपारी सून गरम पोळ्या करत होती आणि बाकीचे जेवायला बसले. आजोबांनी घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, परत खाकरला. लोणच्याची बाटली सरकवून बघितली. शेवटी नातीने पिशवीतून घंटी काढली, त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि वाजवली.

"माझी लेक कुठेही जाणार नाही," आजोबा एका दमात म्हणाले. "अभ्यासाला माझी खोली घ्या. मी बाहेर सोफ्यावर झोपेन."

सुनेने पोळी तव्यावर टाकली. "बघू," ती म्हणाली.

"बघायचं नाही. ठरलं."

लेक उठली आणि सुनेच्या हातून लाटणं घेतलं. त्यानंतर आठवडाभर आजोबांचा चहा वेळेवर आला, पण कप जरा आपटून. सोफ्यावर पाय पुरत नव्हते. सत्याचा विजय होतो असं ते मुलांना नेहमी सांगत. त्यानंतर पाठ धरते, हे सांगायचं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी चष्मेवालीची आई तक्रार घेऊन वर आली. "अहो, आमची म्हणते ध्रुव जंगलात गेलाच नाही. मग तो तारा कसा झाला?"

"नाही झाला," आजोबा म्हणाले. "या खेपेला राजा वेळेवर बोलला." मग नियम आठवून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे तसा उशिराच. पण बुधवारच्या आत."