स्टँडवर येणारे मामा

गडचिरोली मागे पडली, तशी बसमधून एकेक बाई उतरत गेली आणि खिडकीबाहेरचं जंगल दाट होत गेलं. शेवटी बायकांमध्ये मी आणि माझ्या शेजारच्या मावशीच तेवढ्या उरलो.

"एकटीच चालली का वं?"

"मामा येणार आहेत स्टँडवर," मी घाबरून म्हणाले. जिथे उतरायचं होतं त्या गावात माझं कोणीच नव्हतं. लांबच्या प्रवासात मी असे नातेवाईक सोबत ठेवते; त्यांच्या आडोशाला बसलं की जरा धीर येतो.

मावशी उतरता उतरता ओरडल्या, "कंडक्टर भाऊ, हिचा मामा आल्याबिगर हिले सोडू नोको!"

मागच्या बाकांवरच्या पुरुषांनी माना वर केल्या.

"कोणता मामा?" कंडक्टरने विचारलं. "आपल्या गावातले सगळे ओळखतो मी."

बस सुटली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला एकही नाव सुचेना.