वाट्या कोण वाजवतंय?

माझ्या वेंधळेपणाचं हे प्रकरण कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका. फक्त आमच्या सासूबाईंसमोर विषय काढू नका. त्यांची अख्खी मांडणी त्या दिवशी शेजारी गेली होती!

झालं असं, लग्न होऊन मी नुकतीच हसनाबादला आले होते. भोकरदनच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली. एका पाठाचा व्हिडिओ करून संध्याकाळपर्यंत पाठवा, असा निरोप आला. आता माझा आवाज कसा, तर मी समोर उभी राहून 'अहो' म्हटलं तरी हे विचारतात, "काही बोललीस का?" म्हणून यांनी मित्राचा कॅमेरा आणला, आणि पदराला लावायचा एक छोटा माइकही.

सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं, "सून मास्तरीण झाली का मी बी मिरवीन!" तेव्हापासून मी पाठ पुटपुटतच घरभर फिरत होते.

पहिल्यांदा तर आवाजच नाही! 'ध्वनी कसा निर्माण होतो' हा अख्खा पाठ मी शिकवला, आणि व्हिडिओत नुसतीच मासोळीसारखी तोंडाची उघडझाप. यांनी माइकचा सेल बदलला. माइकवर फुंकर मारली. कॅमेऱ्याला टपल्या दिल्या. शेवटी कळलं, पिन हेडफोनच्या भोकात खुपसली होती. माइकचं भोक शेजारचं.

कुणी खुपसली, असं मी विचारलं नाही. नवी सून आहे मी.

पिन बदलली. यांनी कानाला हेडफोन लावून स्वतःच "हॅलो, हॅलो" करून पाहिलं. स्वच्छ! माइक माझ्या पदराला लावला. मी तोंड उघडलं, आणि यांनी हात वर केला.

"थांब. वाट्या वाजून राह्यल्यात."

"कोणत्या वाट्या?"

"मला काय माहीत? किणकिण करून राह्यल्यात. आई! ओ आई! वाट्या घासून राह्यलीस का?"

सासूबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. "मी कवा हात लावला वाट्यांना? उगंच माझ्यावर नको घालू!"

यांनी माइक स्वतःला लावला. स्वच्छ. मला लावला. किणकिण!

"ह्या माइकचं अन् तुझं काहीतरी वाकडं हाये."

घड्याळाकडे बघू, यांच्या कपाळाकडे बघू, की सासूबाईंच्या?

मग सुरू झाली वाट्यांची धरपकड. मांडणीवरच्या सगळ्या पलंगाखाली गेल्या. किणकिण! गोधडीत गुंडाळल्या. किणकिण! देवघरातली नैवेद्याची वाटीसुद्धा सुटली नाही. शेवटी सासूबाईंनी टोपलं भरलं आणि भिंतीवरून शेजारच्या रेहानाभाभींच्या हातात दिलं.

"क्या अम्मा, बरतन बाँट रहे क्या?"

"वाटू कशाला? सूनबाईच्या मास्तरकीला आडव्या येऊन राह्यल्या. जरा धर, अन् बिलकुल वाजू देऊ नको!"

बिचाऱ्या भाभी टोपलं मांडीवर घेऊन अंगणात श्वास रोखून बसल्या. खिडकीतून मला दिसत होत्या. आता तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

"घरात एक वाटी न्हाई आता. बोल जल्दी!"

मी बोलले. किणकिणकिणकिण! आधीपेक्षा जास्त!

हे मटकन खाली बसले. "दिवस मावळत आला. काय पाठवायचं आता?"

"राहू द्या," मी पुटपुटले. "नकोच पाठवायला." डोळे भरून आले होते. ही नोकरी मला किती हवी होती, ते मला तेव्हा कळलं.

"मला दाखव, काय वाजून राह्यलंय ते," म्हणत सासूबाई कॅमेऱ्यात डोकावल्या. आम्हीही डोकावलो.

पडद्यावर मी. तोंडाने ध्वनी शिकवतेय, आणि उजवा हात गळ्याशी. बोटांत मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या, आणि मी त्या एकमेकींवर अशा आपटतेय जशी काही आरतीच सुरू आहे! घाबरले की माझा हात तिथे जातो, हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि माइक? बरोबर त्यांच्या शेजारी.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "माझ्या वाट्या काऊन हिंडवल्या गं? वाजणाऱ्या तं तुझ्याच गळ्यात हायेत!"

मंगळसूत्र घटकाभर काढून ठेवू का, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि सासूबाईंची नजर पाहून मिटलं.

"दोन्ही हात पाठीमागं," यांनी हुकूम सोडला. "अन् सोडायचे न्हाईत!"

तसा पाठ झाला आणि अंधार पडता पडता गेला एकदाचा.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "पाठ चांगला झालाय. आवाजही एकदम स्वच्छ. पण एक विचारू का? तुमच्या हातांना काही झालंय का? सगळा वेळ पाठीमागे होते. फळ्यावर लिहायला जमेल ना?"

झालं! नोकरी चालली! मंगळसूत्र, माइक, किणकिण, सगळं नीट समजावून सांगायचं होतं हो मला. तोंडातून निघालं एवढंच, "हात बरे आहेत मॅडम... वाट्या होत्या."

"हातात वाट्या?"

"हो मॅडम."

पलीकडून बाई अगदी हळू आवाजात, तापातल्या माणसाला समजावतात तशा म्हणाल्या, "बरं. सोमवारपासून या. पण वाट्या आणू नका हं. खिचडीला शाळेची ताटं आहेत."