भर अंकात नाटक थांबवणाऱ्या बाई

सुनंदा बाई परवा गेल्या आणि मी अजून त्यांच्यावर चिडलेलो आहे.

कालपासून फीडवर त्यांचे फोटो फिरतायत. एका गृहस्थांनी लिहिलंय, "संस्कृत रंगभूमीच्या निस्सीम उपासक."
याच गृहस्थांनी गेल्या वर्षी मला फोन केला होता. "तुमच्या बाईंना आवरा. चांगल्या नाटकांची वाट लावतायत."
तेव्हा मीही "हो ना, ऐकतच नाहीत" असं म्हणालो होतो. तेही लिहून टाकतो.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी. त्या मला आठवीपासून संस्कृत शिकवायला होत्या.
पालीजवळच्या खेड्यातलं बौद्ध घर. त्या घरातली ही मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली.
त्या शिकल्या त्या शाळेत दरवर्षी गॅदरिंगला नाटक व्हायचं. पाठांतर सगळ्यात चोख यांचं. काम मिळायचं पडदा ओढायचं.
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही स्क्रीन शेअर कशी करायची ते विचारता विचारता.

रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, जुनी संस्कृत नाटकं मराठीत आणून ऑनलाइन करायची. ज्याने त्याने आपापल्या घरातून. काम मागेल त्याला काम.
टेक्निकल बाजू माझ्या गळ्यात.
"महेश, ऑफिस सुटल्यावर तू रिकामाच असतोस."
मी रिकामा नसतो. मला दोन मुलं आहेत. पण हे बाईंना कोण सांगणार.

गेल्या नाटकात राजाचं काम त्यांनी रेहानाला दिलं.
रेहाना दिघीची. शिवणकाम करते, लहानपणापासून व्हीलचेअरवर. आवाज असा की लॅपटॉपचा स्पीकर थरथरतो.

मी म्हटलं, "बाई, तिसऱ्या अंकात राजा सिंहासनावरून ताडकन उठतो असं लिहिलंय."
"मग आपला नाही उठत."
"अहो, पण मूळ नाटकात..."
"राजे बसूनच राज्य करतात, महेश. उठायचं काम दुसऱ्यांना असतं."
रेहानाचा माईक चालू होता. ती किती वेळ हसत होती.

प्रेक्षकांचा वैताग वेगळाच.
नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला बाई स्वतः फोन करायच्या. नीट ऐकू येतं का, खाली येणारी संवादांची अक्षरं मोठी हवीत का. आणि वर, "तिसऱ्या अंकात राजाचा मुलगा लढाईत मारला गेल्याची बातमी येते. नको वाटलं तर तेवढा वेळ उठून चहा घ्या. संपलं की मी मेसेज करते."

"बाई, सगळा सस्पेन्स मारलात."
"कोणाचा मुलगा जाणं हा सस्पेन्स नसतो रे."

प्रयोग रविवारी दुपारी होता. बातमी आणणारा दूत मी.
मी बातमी सांगितली. रेहानाने श्वास घेतला. तिचं पानभर भाषण आता सुरू होणार.
तेवढ्यात बाईंचा आवाज. "थांबा."

स्क्रीनवरच्या एका चौकोनात किहीमच्या एक बाई तोंडात पदर कोंबून हलत होत्या. त्यांचं नाव शेजारणीने नोंदवलं होतं, म्हणून बाईंचा फोन त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मी दूताच्या फेट्यात तसाच उभा. दोन महिन्यांच्या तालमी डोळ्यांसमोर पाण्यात चालल्या होत्या.

"ताई," बाई म्हणाल्या, "घाई नाही. इथेच थांबवू का? तुम्हाला बाहेर पडायचंय का? की पुढे जाऊ?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं.
मग त्या बाई म्हणाल्या, "फुडं करा. माझ्या पोराची बातमी फोनवर आली. मी तवा काय केलं, मना कायच आठवत न्हाय. राजा काय करतो ते बघायचंय."

रेहानाने खुर्ची वळवली. कॅमेऱ्याकडे पाठ केली.
आणि तसंच, पाठमोरं, एकेक वाक्य बोलली. मध्ये मोठमोठ्या गॅप.
त्यानंतरचं माझं वाक्य मी विसरलो.

संपल्यावर मी बाईंना फोन करून भांडलो. "प्रयोग भर अंकात थांबवायचा नसतो. कोणी थांबवत नाही. ही काय शाळा आहे का?"
"चिडलायस तू. जेवलास का?"
असं बोललं की माणसाने काय करायचं? मी म्हटलं, "पुढच्या नाटकाला दुसरं कोणीतरी बघा."
"बरं."

नंतर त्यांचे दोनदा फोन आले. मी उचलले नाहीत. करू सावकाश, म्हटलं.

काल त्यांच्या गावी गेलो होतो. अंगणात किहीमच्या त्या बाई बसल्या होत्या. दोन बस बदलून आल्या होत्या. मला बघून उठल्या.
"तुमी दूत ना?"
म्हटलं, "हो."
"मी फुडच्या नाटकात दाई हाय. सुनंदाबाय रोज फोनवर पाठ करून घेयाच्या. तुमचं इचारलं तर बोलल्या, महेश रागावलाय, पन येल तो. मंग तालीम कवा?"

रेहाना शेजारी होती, तिनेच सांगून टाकलं, "येत्या रविवारी बाईंच्या नावाने पुण्यानुमोदन. त्याच्या पुढच्या रविवारी तालीम. बसवणार मी. बाकीचं हे बघतील."
मला कोणी विचारलं नाही. नेहमीसारखंच.

प्रयोग थांबवण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, बाई. यावरून तुमच्याशी नीट भांडायचं होतं, समोर बसून. मी फोन उचलला असता तर झालंही असतं.

तुम्ही फोन ठेवताना दरवेळी "जयभीम" म्हणायचात. मी नुसतं "हो बाई" म्हणून ठेवायचो.

जयभीम, बाई.