समीक्षकाला न दिसलेलं मरण

दीपमाला सोनकांबळे विश्रांतवाडीला राहायच्या. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात त्यांनी सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केली. २००१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या नारायण पेठेतल्या फिल्म क्लबात जाऊ लागल्या. एकदा तिथे एका खुनशी बंदूकबाजाचा वेस्टर्न सिनेमा दाखवला. नंतर समीक्षक अनिरुद्ध केतकर म्हणाले, "काय लय आहे त्याच्या गोळीबारात!" टाळ्या पडल्या.

दीपमालाबाई ताडकन उठल्या. "अहो, गोळी लागलेला तो म्हातारा स्वतःचे बूट चाचपडत मरतो. माझ्यासमोर माणसं अशीच गेली आहेत. दिग्दर्शकाला ते कळलंय, तुम्हाला दिसलंसुद्धा नाही?"

"बाई, हा सिनेमा आहे."

"मग तो पाहायचा तरी!"

वर्तमानपत्रातल्या रविवारच्या परीक्षणातही केतकरांनी लयच आळवली. बाईंनी त्या म्हाताऱ्याच्या मरणाबद्दल संपादकांना पत्र धाडलं. ते छापून आलं नाही, तेव्हा त्यांनी त्याची प्रत क्लबच्या फलकावर स्वतः डकवली.