मल्लिनाथचा करंज

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभुर्णीच्या चौकात सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. फाल्गुन संपत आला होता. बरेच महिने डायलिसिस चालू होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. गाडी आली, मी चढलो, खिडकीजवळ जागाही मिळाली...

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात आम्ही बरोबर नोकरी केली. मी हिशेबात, तो खरेदीत. मूळचा दुधनीचा, घरात कानडी. कँटीनमागच्या करंजांखाली आम्ही डबा खायचो. एका चैत्रात त्याला कोवळी पानं एकमेकांना चिकटलेली दिसली. त्यानं एक जोडी हलकेच उघडली, तर आत अळी. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिनं पानं रेशमाच्या धाग्यांनी पुन्हा ओढून घेतली होती. तेव्हापासून डबा पुढ्यात आणि हा वर बघत. अळीचं काय होतं ते त्याला पुढं कळलं. तपकिरी फुलपाखरू, मागच्या पंखाखाली बारीक पांढरी पट्टी, उडणं असं की नजर पोचेपर्यंत दुसऱ्या झाडावर. 'चपळ' नावाच्या कुळातलं. भर उन्हात ते पानाखाली दडून बसतं. सकाळी, सांजेला किंवा आभाळ आलं की बाहेर पडतं. मल्लिनाथ त्याला कानडीत नुसतं 'चिट्टे' म्हणायचा, म्हणजे फुलपाखरू.

पुढच्या उन्हाळ्यात परदेशी खरेदीदार यायचे होते आणि करंजांची पानं पार कुरतडलेली. साहेबांनी औषध मारायला सांगितलं. औषधाच्या ऑर्डरवर सही मल्लिनाथची. तो केबिनमध्ये गेला, मी सोबत होतो.

"साहेब, करंज मरत न्हाई. पावसात परत फुटतंय की."

"पाहुणे पावसाळ्यात येणार आहेत का?"

"मग शेवटचं एक तरी सोडा. तितं कुणी पाहुणं जात न्हाई."

साहेबांनी नुसता हात हलवला. तोच होकार धरून त्यानं सही केली. फवारणीच्या दिवशी शेवटच्या झाडाला टेकून उभा राहिला आणि पंपवाल्याला पुढं येऊ दिलं नाही. बाकीच्या झाडांखाली अळ्यांचा सडा पडला. त्याचा डबा तसाच घरी गेला. मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेतोस?" तो म्हणाला, "सही मीच केली की..."

सोडलेलं झाड थोड्याच दिवसांत बोडकं झालं. लोक त्याला 'मल्लूचा खराटा' म्हणून हसले. पावसात ते पालवलं तेव्हा त्यानं मला हाताला धरून तिथं नेलं.

परवा त्याच्या घरी गेलो. आजारपणात तो ज्या खोलीत असायचा, तिथली खाट उभी करून ठेवली होती. डास फार झाले म्हणून मुलीनं खिडकीला जाळी बसवायला सुतार बोलावला होता. बाहेरच्या करंजाची फांदी गजांतून आत आलेली. सुतारानं ती छाटायला करवत काढली, तशा वहिनी पुढं झाल्या. दोन कोवळी पानं एकमेकांना शिवलेली होती. त्यांनी पानांना हात लावला नाही.

"आज ऱ्हाऊ द्या," त्या सुताराला म्हणाल्या.

"मग परत कवा येऊ?"

"ह्यातलं उडून गेलं की बोलावते."

मी म्हटलं, "वहिनी, तोवर डास खातील की."

"खाऊ देत, भाऊजी," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.