नवव्या खोलीतल्या बकऱ्या

बाभळीचा पाला काढताना काका फांदीवरून पडले आणि त्यांच्या नडगीचं हाड मोडलं. हिंगोलीला नेऊन प्लॅस्टर घातलं. दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काका म्हणजे माझे चुलते, जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. पुसेगावच्या शिवारात त्यांनी न तुडवलेला बांध सापडायचा नाही. ते आता लिंबाखाली बाजेवर पडून राहायचे आणि जो समोर येईल त्याच्यावर खेकसायचे.

मेंढरं माझे वडील आणि काकू सकाळी नेत आणि ऊन चढायच्या आत परत आणत. माझी बीएची शेवटची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. त्यामुळे काकांजवळ बसायचं काम माझ्याकडं आलं.

दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. खोली बदलताना त्यानं जुन्या पुस्तकांची एक पेटी गावी पाठवून दिली होती. तिच्यात मला एक पातळ इंग्रजी पुस्तिका सापडली. मुखपृष्ठावर तलवारवाला माणूस, आतल्या पानावर डोंगरातल्या भुयाराचा नकाशा. मी गोष्टीचं पुस्तक समजून वाचायला घेतलं, पण गोष्ट काही सरळ चालेना. ‘ते डावीकडे वळले, तर हा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा,’ असं भुयारातल्या प्रत्येक खोलीच्या वर्णनाखाली लिहिलेलं. दोनदा वाचल्यावर उमगलं की हा एक खेळ आहे. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. सांगणाऱ्यासाठी गोष्ट अशी तयार छापून मिळत होती.

काकांना म्हटलं, “एक खेळ हाय. खेळता का?”

“पत्ते?”

“न्हाई. तुमी एका डोंगरापाशी उभे हाव. गावाचा झरा आटलाय. डोंगरातल्या खुज्या राक्षसांनी पाणी अडवलंय. आता तुमी काय करता?”

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाले, “आधी डोंगराला एक चक्कर मारतो.”

पुस्तिकेत चक्कर मारायची सोयच नव्हती. दार समोर होतं, वीरांनी दारातून आत जावं अशी छापणाऱ्याची अपेक्षा होती. तरी मी म्हटलं, मारा चक्कर. पुस्तिकेप्रमाणं वीस बाजूंचा फासा लागणार होता. तो आमच्याकडं नव्हता, म्हणून मी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून तांब्यात टाकल्या. आकडा मोठा निघाला तर काम जमलं, लहान निघाला तर फसलं. काकांनी चिठ्ठी काढली. सतरा.

“बराबर,” ते म्हणाले. “आता सांग, लेंड्या दिसून राहिल्या का कुठं?”

मी पानं चाळली. नवव्या खोलीत राक्षसांनी गावातून चोरून आणलेल्या चाळीस बकऱ्या कोंडल्याचं लिहिलं होतं. म्हणजे लेंड्या असायलाच हव्यात. म्हटलं, “व्हय, दिसतात.”

“बकऱ्या हायेत म्हंजे. आत जायची वाट कशी हाय?”

“समोर दार. मंग अरुंद जिना, मंग एक उभी शिडी.”

काका बाजेवर उठून बसले. “काहून गं, चाळीस बकऱ्या शिडीनं उतरल्या काय?”

मी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. नवव्या खोलीला दुसरी वाटच नव्हती. एवढी चित्रं काढून, एवढं छापून कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. मी पेन्सिल आणली आणि काकांच्या देखत डोंगराच्या मागच्या अंगाला एक दार काढलं.

तेवढ्यात काकू आल्या. मेंढरं वाड्यात घालून त्या पाणी प्यायला आल्या होत्या. “काय चाललंय?” म्हणाल्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, जणू कनेरगाव नाक्याजवळच्या एखाद्या माळावर खरंच घडून राहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून काकूही खेळायला लागल्या. त्यांनी आपल्या वीराच्या हातात तलवार घेतली नाही. “काठी बरी,” म्हणाल्या.

दुपारी ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं लिंबाखाली बसायचो. मी सकाळी डिक्शनरी घेऊन पुढच्या खोल्या आमच्या बोलीत वहीत उतरवून ठेवायची. सर्वांत जास्त मेहनत मी शेवटच्या खोलीवर घेतली. तिथं राक्षसांकरवी झरा अडवणारा म्हातारा जादूगार होता आणि त्याच्या तोंडी एक लांबलचक भाषण होतं. ते मराठीत नीट बसवायला मला दोन दिवस लागले.

पण काका खोल्यांतून गेलेच नाहीत. चार दुपारी त्यांनी काकूंना घेऊन बाहेरून डोंगर पालथा घातला, मग ते मागच्या दारानं सरळ बकऱ्यांत शिरले आणि जिभेनं रोजची हाळी दिली. ती हाळी इतकी खरी होती की वाड्यातली मेंढरं ओरडायला लागली. मी चिठ्ठी काढायला लावली. वीस! चाळीस बकऱ्या बाहेर, आणि आपलं जेवण पळालं म्हणून सगळे राक्षस त्यांच्यामागं. वाट मोकळी. काकूंनी जाऊन काठीनं झऱ्याच्या तोंडावरचा दगड सरकवला. पाणी गावाकडं निघालं.

“झालं काम,” काका म्हणाले. “चला घरी.”

मी वही मिटली. चेहरा पडला असणार, कारण काकू म्हणाल्या, “थांबा वो. आत अजून कुणी हाय का गं?”

“एक जादूगार हाय. पण आता त्याची गरज न्हाई.”

“त्याचं काही लिवलंय का तू?”

“लिवलंय थोडं.”

“मंग जाऊ की. एवढं पोरीनं लिवलंय, त्या म्हाताऱ्याचं ऐकून तरी घेऊ.”

“पायाला तकलीफ हाय माझ्या,” काका म्हणाले.

“खेळातल्या पायाला काय झालंय?”

काका हसले. पडल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग दोघं वीर परत भुयारात गेले, जादूगारासमोर मांडी घालून बसले आणि मी ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. संपल्यावर काका म्हणाले, “चांगलं बोलला गडी.”

काकांचं प्लॅस्टर पावसाळ्याच्या तोंडावर निघालं. दिवाळीला दादा घरी आला. त्याला हा प्रकार सांगितला तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “अगं, त्याला नियमांचं जाड पुस्तक वेगळं असतं! त्याच्याशिवाय कसं खेळलात?” त्यानं ते सोबत आणलं होतं, खरा वीस बाजूंचा फासाही आणला होता. त्यानं हिशोब लावून पाहिला. “काका, नियमानं तुमी तिसऱ्याच खोलीत मेले असते.”

“मी तिसऱ्या खोलीत गेलोच कुठं?” काका म्हणाले.

दादाच्या बॅगेत दुसरी पुस्तिका होती, समुद्राची आणि जहाजाची. आमच्यापैकी दादा सोडून कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. काकूंनी फासा हातात घेऊन पाहिला, बोरापेक्षा मोठा नव्हता. दादा सांगायला बसला तर काका म्हणाले, “तू खेळ आमच्याबरोबर. सांगायचं ती सांगंल.” मग दादानं मुकाट्यानं पुस्तिका माझ्याकडं दिली. काकू कप्तान झाल्या, शेजारच्या दोन बायाही येऊन बसल्या. ते जहाज पाडव्यापर्यंत बंदराला लागलं नाही, आणि दादानं रजा दोन दिवस वाढवून घेतली.